खण

जुन्नरला घर घेतले तेव्हा स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट निघाले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पुस्तकांना जागा करता येते, भांड्यांना नाही. कपाटे बसवणाऱ्या कारागिराने टेप लावून आमचे अज्ञान दूर केले. ओट्याखाली फळ्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण करावेत, म्हणजे दोन फूट आतला डबा वाकून शोधावा लागत नाही. वरची कपाटे थेट छतापर्यंत न्यावीत. तळाच्या चार इंची पट्टीतही परातींपुरता खण निघतो.

आई ऐकत होत्या. त्यांचे घर जुन्या आंबेगावातले. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. फडताळे, कोनाडे भिंतीतलेच. ते भिंतींसोबत बुडाले. बाहेर आली ती पितळी भांड्यांची उतरंड.

"अन् उतरंड कुठं मांडायची?" त्यांनी विचारले.

"एकात एक घालून माळ्यावर टाकू," कारागीर म्हणाला.

"माळ्यावर टाकलेलं परत कोण उतरवतं, बाबा?"

आम्ही गप्प झालो. एका हंड्याच्या जागेवर पाच भांडी उभी करणारी उतरंड. उंची वापरण्याचा कारागिराचा धडा तिने केव्हाच गिरवलेला होता. शेवटी दोन कपाटांमध्ये सव्वा फूट जागा मोकळी सोडली. तिथे ती उभी आहे.

पूर्वी दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत आणि घर खणांत मोजत. आता खण रुळावरून सरकतो. आमच्याकडे तो शब्द जुन्या अर्थाने एवढ्या सव्वा फुटात उरला आहे.