उपक्रम ठरवण्याआधी तास मोजा



जून आला की शाळेत वार्षिक नियोजनाची बैठक होते. परसबाग, वाचनकट्टा, विज्ञान प्रदर्शन... फळ्यावरची यादी वाढत जाते. सगळंच चांगलं, त्यामुळे नको कोण म्हणणार? पण याला वेळ किती लागेल आणि तो कुणाकडे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये शिक्षकाचे आठवड्याला किमान 45 तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळही मोजलाय. मी माझा आठवडा कागदावर मांडून पाहिला. शिकवण्यात 30 तास जातात. वर्गात 40 मुलं. एका वहीला 3 मिनिटं धरली तरी एका फेरीला 2 तास, तीन फेऱ्यांना 6. पाठाची तयारी 3 तास. नोंदी, ऑनलाइन माहिती, पालकभेटी मिळून 4. बेरीज 43. म्हणजे उपक्रमासाठी उरले 2 तास!

आता समजा, ‘सोलापुरी चादर’ हा प्रकल्प घ्यायचाय. यंत्रमाग बघायचा, कामगारांच्या मुलाखती, तक्ते, प्रदर्शन. शिक्षकाचे 30 तास तरी लागतील. एकटीने केला तर 15 आठवडे, तिघांनी वाटून घेतला तर 5. आणि एकट्या बाईंवर सोपवून तीन आठवड्यांत संपवायचा ठरवला, तर कमी पडणारे 24 तास कुठून येणार? वह्या तपासण्यातून, नाहीतर बाईंच्या घरातून. वही तपासायची राहिली की हातचा विसरणारं पोर तसंच पुढच्या धड्यावर जातं. प्रदर्शनाच्या फोटोत हे दिसत नाही.

तारखा ठरवतानाही आपला जिल्हा बघा. आषाढीला सगळ्यांचं लक्ष पंढरपूरकडे. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, मुलांचा जीव गड्ड्यावर. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षा. याच कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद आहेत. ही कामं वर्षात कधीही येऊ शकतात. म्हणून प्रत्येक सत्रात दोन आठवडे मोकळेच ठेवा.

बैठकीत एवढंच करून बघा. प्रत्येक उपक्रमापुढे लागणारे तास आणि करणाऱ्याचं नाव लिहा. एकाच नावापुढे तास साठले तर काम वाटून द्या. नवीन उपक्रम घेतला तर जुना एक थांबवा. मुख्याध्यापकांनाही तोंडी ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा हा तक्ता दाखवणं सोपं जातं.

आणि पालकहो, शाळेत किती उपक्रम झाले हे जरूर विचारा, पण सोबत मुलाची वहीही उघडून बघा. तुमच्यापैकी कुणी मागावर काम करत असेल, तर एक तास वर्गात येऊन सांगा. मुलं कान देऊन ऐकतील आणि बाईंचे तयारीचे तास वाचतील.

तुमच्या आठवड्याची बेरीज किती येते? यंदाच्या बैठकीआधी एकदा मांडून बघा.