अठरा किलोंची होडी

होडी विकत घेण्याचा प्रसंग पुण्याच्या माणसावर सहसा येत नाही. आमच्याकडे नदी आहे, पण ती पुलावरून पाहण्यासाठी. त्यातून माझे आणि पाण्याचे जुने वैर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून पर्वतीकडे गेल्याचे आठवते. वडिलांचे पुस्तकबांधणीचे दुकान त्या दिवशी वाहून गेले. त्यानंतर त्यांनी आम्हां भावंडांना नदीकडे फिरकू दिले नाही. त्यामुळे मी पोहायला शिकलो नाही, आणि सत्तरी उलटेपर्यंत त्यावाचून माझे काही अडलेही नाही.

अडले ते कॅनडात. आमचे चिरंजीव गेली चौदा वर्षे टोरांटोला असतात. गेल्या श्रावणात मी आणि सौ. त्यांच्याकडे गेलो होतो. माझ्या बॅगेत एक कागद होता. पुरानंतर वडिलांना मिळालेली जागा आता पुनर्विकासाला निघाली आहे. दोन खोल्यांचे घर घ्यायचे की जास्तीचे पैसे भरून तीन खोल्यांचे, हे गणपतीच्या आत कमिटीला कळवायचे होते. तिसरी खोली कोणासाठी, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण मुलगा परत येणार का, हा प्रश्न फोनवर विचारता येत नाही आणि समोरासमोर तर त्याहून विचारता येत नाही. दोन आठवडे झाले तरी कागद बॅगेतच होता.

अशात एका शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, चला, एक कनू घ्यायची आहे."

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, अरुंद होडी. वल्हे एकाच पात्याचे आणि होडीला कोठेही न बांधलेले. ते हातातच धरून मारायचे. आपल्या कोकणातल्या लहान होडीला बाजूला उलांडी असते, तिच्या आधाराने होडी कलंडत नाही. कनूला तसले काही नाही. तिचा तोल म्हणजे तुमचाच तोल.

दुकान एका लहानशा गावात होते. तिथे होड्या भिंतीवर एकीवर एक टांगून ठेवल्या होत्या. मी तांबट आळीत भांडी पारखायला शिकलेला माणूस. बोटाने टकटक करीत निघालो. ॲल्युमिनियमची कनू घागरीसारखी वाजली. तिची कथा दुकानदाराने सांगितली. ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे एक अधिकारी विल्यम हॉफमन यांनी १९४४ साली लाकूड आणि कॅनव्हासची जड होडी डोक्यावर वाहिली आणि मनात म्हटले, विमानाच्या पत्र्याची का करू नये? पुढच्याच वर्षी कंपनीने तशा होड्या करायला सुरुवात केली. बळकट खरी, पण खडकाला लागली की सारे जंगल जागे करते.

शेजारी जाड प्लॅस्टिकची होती. सोळा फूट लांब, वजन सुमारे पस्तीस किलो. खडकावर आपटली तरी पोचा येऊन पुन्हा सरळ होते. किंमतही आवाक्यातली. मी म्हटले, "ही घे. टिकाऊ आहे."

चिरंजीव मात्र तिसरीपाशी उभे होते. तीही सोळा फुटीच, पण मधासारख्या पिवळ्या रंगाची आणि पातळ. खिडकीतले ऊन तिच्या अंगातून आरपार येत होते. बैठका वेताच्या विणीच्या, आपल्या जुन्या खुर्च्यांसारख्या. वजन फक्त अठरा किलो. ती केव्हलारची होती. हा धागा स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली शोधून काढला; बंदुकीच्या गोळीला अडवणारी जाकिटे त्याचीच करतात. त्याचे कापड राळेत भिजवून साच्यावर बसवायचे की होडी तयार. किंमत मात्र प्लॅस्टिकच्या दुपटीहून अधिक.

"एवढ्या पैशांत खडकावर आपटलेली चालेल ना?" मी विचारले.

चालत नाही म्हणे! आपटली तर फुटत नाही, पण खडकावरून ओढली तर झिजते. उन्हातही फार ठेवायची नाही. म्हणजे टिकाऊपणा होडीत निम्मा आणि वापरणाऱ्यात निम्मा. "नीट सांभाळली," दुकानदार म्हणाला, "तर पंचवीस वर्षे सहज जाईल."

पंचवीस वर्षे! दुकानदाराने सहज म्हटले, पण माझा हिशेब तिथल्या तिथे झाला. पंचवीस वर्षांची होडी घेणारा माणूस दोन वर्षांनी पुण्याला परतण्याच्या बेतात नसतो. मी उगाच तळाकडे पाहू लागलो.

त्या तळातही शास्त्र होते. अगदी सपाट तळाची होडी बसताक्षणी स्थिर वाटते, पण लाट आली की लाटेबरोबर कलते. किंचित गोलाई असलेली आधी डगमगते, माणसाला घाबरवते, आणि कलल्यावर एका मर्यादेत टिकून राहते. पहिल्या भेटीत गोड बोलणाऱ्यांविषयी माझा अनुभव असाच आहे.

दुकानदार मोठा समजूतदार. तो म्हणाला, आधी भाड्याने न्या, मग ठरवा. हा सल्ला मी वाचकांनाही देतो; कनू दुकानात पारखता येत नाही. आम्ही जड आणि हलकी अशा दोन्ही दोन दिवसांसाठी घेतल्या आणि गाडीच्या टपावर बांधून अल्गाँक्विनला निघालो.

हे राखीव अरण्य १८९३ सालापासूनचे. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आणि त्यात दोन हजारांवर तळी. अरण्याला नाव आहे ते अल्गाँक्विन लोकांचे. त्यांची मूळ कनू बर्च झाडाच्या सालीची. सालीची आतली बाजू बाहेर करायची, स्प्रूसच्या मुळ्यांनी ती शिवायची, आत सीडरच्या बरगड्या बसवायच्या आणि सांध्यांना स्प्रूसचा डिंक लावायचा. कोठे फाटली तर दुरुस्तीचे सामान काठावरच्या झाडांवर वाढत असते. हलकी आणि टिकाऊ या दोन शब्दांचे भांडण त्यांनी केव्हाच मिटवले होते. आपण केव्हलारपर्यंत फिरून तिथेच आलो.

वाटेत सौ.च्या लोणच्याची बरणी जप्त होता होता वाचली. आतल्या जंगलात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे. कैरीचे लोणचे प्लॅस्टिकच्या डब्यात गेले, आणि "चव उतरली," हे त्यानंतर दोन दिवस ऐकावे लागले.

कनू लेक नावाच्या तळ्याकाठी आम्ही उतरलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे. पलीकडे एका उंचवट्यावर १९३० साली उभारलेले एक दगडी स्मारक आहे. "कोणाचे?" मी विचारले. टॉम थॉमसन हा कॅनडाचा मोठा चित्रकार. याच अरण्याची चित्रे काढता काढता नाव मिळवले. ८ जुलै १९१७ रोजी तो याच तळ्यावर कनूतून निघाला. कनू उलटी तरंगताना सापडली आणि आठ दिवसांनी त्याचा देह. तो कसा बुडाला याविषयी लोक अजून वाद घालतात.

मला पोहता येत नाही हे ठाऊक असलेल्या मुलाने ही माहिती होडीत बसण्याच्या पाच मिनिटे आधी का द्यावी, याविषयी माझे आणि सौ.चे एकमत झाले.

आता बसण्याविषयी. अंगात तरंगते जाकीट घालून मी भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढतात तसा काठावरून उजवा पाय टाकला, तो नेमका होडीच्या कडेपाशी. कनू अदबीने बाजूला झुकली आणि मी पाण्यात बसलो. अक्षरशः बसलो. पाणी कमरेपर्यंत आले आणि थांबले. ज्या क्षणाला मी साठ वर्षांहून अधिक काळ भीत होतो तो हा असा, मांडी घातल्यासारखा. सौ. काठावरून म्हणाल्या, "अहो, निदान चष्मा तरी काढायचा!"

मुलगा हसला नाही. त्याने मला हात देऊन उठवले आणि लहान मुलाला शिकवावे तसे शिकवले. होडी आधी पूर्ण पाण्यावर हवी. एक टोक काठावर टेकलेले असले की मधला भाग अधांतरी राहतो आणि ती हमखास कलंडते. दुसऱ्याने ती धरून ठेवायची. आपण घोटाभर पाण्यात उभे राहायचे. बूट भिजतील, भिजू द्यायचे. कमरेतून वाकायचे, दोन्ही हात दोन्ही कडांवर ठेवायचे आणि पहिले पाऊल बरोबर मधल्या रेषेवर टाकायचे. मग दुसरे. उभे राहायचे नाही, वाकूनच जायचे. दोन हात आणि एक पाय कोठे ना कोठे टेकलेले असले पाहिजेत. बसल्यावरच वल्हे उचलायचे. उतरताना हेच सारे उलट क्रमाने.

"आणि घाबरल्यासारखं वाटलं तर गुडघ्यांवर बसा. वजन खाली गेलं की होडी शांत होते."

मी गुडघ्यांवरच बसलो. पुढची जागा माझी, मागची त्याची. मागे बसणारा दिशा सांभाळतो. वल्ह्याच्या फटक्याच्या शेवटी पाते किंचित बाहेर वळवतो, म्हणजे होडी सरळ जाते. पुढच्याने फक्त वल्हवायचे आणि खडक दिसला तर ओरडायचे. सूनबाई आणि सौ. जड होडीत होत्या. त्यांची होडी सरळ रेषेत चालली होती, आणि सौ. हे मला दर दहा मिनिटांनी दाखवून देत होत्या.

तळे संपले तिथे धरण होते आणि काठावर पिवळी पाटी. इथून पोर्टेज. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना होडी जमिनीवरून वाहून न्यावी लागते, त्याला पोर्टेज म्हणतात. इतका वेळ आपण होडीत बसलेलो असतो, आता होडी आपल्यावर बसते. वाट लहानच, सुमारे तीनशे मीटरांची. मुलाने हलकी होडी मांडीवर घेतली, एका हिसक्यात उलटी करून खांद्यांवर ठेवली आणि चालू लागला. मधल्या आडव्या लाकडाला खांद्यांसाठी खाच असते. डोके पार होडीत. मागून येणाऱ्या मला दिसत होते ते त्याचे दोन पाय. डावा पाय किंचित बाहेर टाकण्याची ती चाल माझ्या वडिलांची. इतकी वर्षे ती माझ्या लक्षात आली नव्हती.

मग तो परत येऊन जड होडी घेऊन गेला. तिला सूनबाईंनी मागून हात दिला, तरी वाटेत तीनदा टेकावे लागले. दुसऱ्या काठावर त्याने शर्ट सारखा केला तेव्हा खांद्यावर तांबडा वळ दिसला. बेचाळीस वर्षांचा माणूस. होडी पंचवीस वर्षे टिकेल, पण खांद्यांचे काय? दुकानात मी होडीचा टिकाऊपणा पाहिला होता. त्याने वाहणाऱ्याचा पाहिला होता.

त्या रात्री जो लेकच्या काठी तंबू पडला. अस्वलांच्या भीतीने खाण्याची पिशवी दूरच्या फांदीला टांगली, लोणचेही गेले. अंधार पडल्यावर लून पक्षी ओरडला. कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी असतो. कोणी दूरवरून आपल्याच माणसाला हाक मारावी आणि उत्तराची वाट पाहावी, तसा तो आवाज. बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना पाणी आरशासारखे होते. होडीच्या पातळ अंगातून पाण्याची रेघ आतून दिसत होती. बोटभर अंतरावर तळे, आणि मला भीती वाटत नव्हती. कनूची एक सोय कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. पुढच्याला मागच्याचे तोंड दिसत नाही.

मी समोर पाहत विचारले, "नव्या घराचं कमिटीला कळवायचंय. दोन खोल्या घेऊ की तीन?"

मागे वल्हे थांबले. पात्यावरून थेंब पडल्याचे ऐकू आले. मग पुन्हा चार-पाच फटके.

"बाबा, दोनच घ्या." आणखी काही फटके झाले. "पण गॅलरी मोठी बघा. आम्ही येऊ तेव्हा मी गॅलरीत झोपेन. लहानपणी झोपायचो तसा."

"बरं," मी म्हणालो. थोड्या वेळाने म्हणालो, "होडी हलकीच घे."

"महाग आहे हो ती."

"असू दे. वाहायची तुला आहे."

समोर खडक आला होता. मी ओरडलो, त्याने पाते वळवले आणि होडी अलगद बाजूने निघाली.

नारळी पौर्णिमेला होडी घरी आली. सौ.नी तिच्या नाकाडावर हळदकुंकू वाहिले, गराजच्या पायरीवर नारळ फोडला आणि शेजारच्या गोऱ्या आजोबांना खोबऱ्याचा प्रसाद दिला. त्यांनी तो होडीच्या किमतीत मिळतो का, अशी चौकशी केली. मी कागदावर "दोन खोल्या" असे लिहून फोटो कमिटीला पाठवला, आणि खाली एक ओळ जोडली: "गॅलरी मोठी असावी."