नाव काढलं, तरी माणूस राहिला

आपण मुलांचे निबंध कौतुकाने टाईप करतो आणि नेटवर टाकतो. मीही टाकत होते. केळझरला सहावीच्या वर्गाला ‘माझे बाबा’ हा विषय दिला, तेव्हा थोडी थांबले.

एका मुलीने फार सुंदर लिहिलं होतं. आईवडिलांची नावं, बाबांचा मोबाईल नंबर, सिद्धिविनायकाच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची त्यांची टपरी. आणि मध्येच, कापूस गेल्यापासून बाबा रात्री झोपत नाहीत, गोळी घेतात, आई आम्हाला चूप राहायला सांगते.

म्हटलं, नावं काढू, झालं काम. आईचं नाव आशा. संगणकाला सांगितलं, ‘आशा’ दिसेल तिथे ‘आई’ कर. ‘आशाने’चं ‘आईने’ बरोबर झालं, पण शेवटी ‘मला आशा आहे की पाऊस येईल’ याचं ‘मला आई आहे की पाऊस येईल’ झालं! आपल्या लिपीत नावाला मोठं अक्षर नसतं, आणि प्रकाश, ज्योती, किरण ही नावंही आहेत आणि साधे शब्दही. नंबराची तीच गत. मी शोधत होते इंग्रजी अंक, पोरीने लिहिले होते मराठीत. यंत्राला सापडलाच नाही. शेवटी पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली.

एवढं करून मजकूर तिच्या आईला दाखवला. त्या म्हणाल्या, “मॅडम, नाव काढलं तरी गावाले समजतेच ना जी. त्या रस्त्यावर अशी टपरी आमचीच हाय.”

खरंच होतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्या टपरीवरून काहीच कळलं नसतं. केळझरात मात्र तेवढ्यावरून घर सापडतं, आणि गोळीची गोष्ट चावडीवर पोचते. आधारचा १२ आकडी नंबर झाकता येतो, मास्क केलेल्या आधारवर फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. टपरीचे शेवटचे ४ आकडे कोणते ठेवायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मी आजवर किती निबंध विचारून टाकले? एकही नाही. जुने सगळे उतरवले, दोन रविवार गेले.

टपरी, गोळी, कापूस सगळं काढलं तर निबंधात उरतं काय? ‘माझे बाबा मला खूप आवडतात.’ असे तर गाईडमध्ये पैशाला पासरी मिळतात. म्हणून तो नेटवर टाकलाच नाही. मुलीला सांगितलं, तर ती हिरमुसली. “मॅडम, माझाच का नाही?”

तिला आणि आईला विचारून तो वहीतच ठेवला. वर्गात वाचायचा का, तर आधी नको म्हणाली. मग आठवड्याने स्वतःच वही घेऊन आली, गोळीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “एवढं सोडून वाचते.”