बारा पायऱ्या

आमच्या तीर्थरूप नानांनीं चाकांच्या खुर्चीचा आश्रय घेतल्यास आतां तीन वर्षें झालीं. तत्पूर्वीं कोणत्याहि इमारतीच्या पायऱ्या मोजण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. आतां कोठें जावयाचें म्हटलें कीं पहिला प्रश्न तोच!

गेल्या वैशाखांत एका कचेरींत नानांची सही अवश्य होती. इमारत जुनी, दगडी. दारापासून दालनापर्यंत 12 पायऱ्या. सहा-सहा इंचांच्या 12 पायऱ्या म्हणजे 6 फूट चढ. एकास बारा या रूढ प्रमाणानें खुर्चीसाठीं उतार बांधावयाचा तर 72 फूट लांबी हवी. मधले विसाव्याचे सपाट टप्पे निराळेच. त्या अरुंद चौकांत एवढी जागा कोठून येणार? म्हणूनच तेथें जिन्याच्या कडेनें रूळ बसवून त्यांवरून तिरकी वर जाणारी लिफ्ट योजलेली होती. तिच्या मंचावर खुर्चीसकट जावें, आडवे दांडे मिटावे व वर पोहोंचावें. काम झाल्यावर मंच भिंतीशीं दुमडून ठेवावा, म्हणजे इतरांची वाट अडत नाहीं.

परंतु किल्ली ज्यांच्यापाशीं असे ते गृहस्थ रजेवर होते. दोन शिपाई आपण होऊन पुढें आले. "आजोबा, बसून राहा; आम्ही उचलतों कीं!" नाना कांहीं बोलले नाहींत. मींच म्हटलें, "दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे." वर पोहोंचेपर्यंत त्यांनीं डोळे मिटून घेतले होते. घरीं आल्यावर ते एवढेंच म्हणाले, "चाळीस वर्षें मुलांना स्वतःच्या पायांवर उभे राहा म्हणून शिकविलें. आज माझें गांठोडें झालें!" शिपायांच्या मनांत दयाच होती. माझ्या मनांत मात्र घाई होती, हें कबूल केलें पाहिजे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम करण्याचें बंधन घातलें आहे. नियम 2017 सालीं निघाले. जुन्या इमारतींस दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 सालीं सरली. कायद्याच्या धाकानें यंत्र बसेल. पण किल्ली वेळेवर मिळणें हें माणसांच्याच हातीं आहे.

पंधरा दिवसांनीं पुन्हां जावें लागलें, तेव्हां मीं आधीं कळवून किल्ली तयार ठेवविली. या लिफ्टचें बटण दाबून धरावें तोंवरच ती चालते; बोट उचललें कीं जागच्या जागीं थांबते. शिपायानें बटणाकडे हात नेला. नानांनीं तो हलकेच बाजूस सारिला. अर्ध्या-पाऊण मिनिटाचाच तो प्रवास. पण निम्म्या वाटेंत त्यांनीं बोट उचललें, चौकांतील गर्दीवरून एकवार नजर फिरविली आणि पुन्हां बटण दाबलें. वर जातांना या खेपेस त्यांचे डोळे उघडे होते.

ज्या वाचकांच्या शब्दास एखाद्या ग्रंथालयांत, शाळेंत वा कचेरींत मान असेल, त्यांस एवढीच विनंति : अशी लिफ्ट तेथें असेल तर तिची किल्ली दाराशींच राहील असें करावें.