जुना फेरफार

आमच्या मुकुटबनकडं कोळसा आला, सिमेंटचा कारखाना आला, अन् जमिनीचे दलाल घरोघर झाले. लोक मला इचारतात, भाऊ, खरेदीले वकील लागते काय? अर्जनवीस लिहून देते, रजिस्ट्री होऊन जाते. होते ना! पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. मालकी खरी का खोटी, हे पाहणं आपल्याकडंच राहते. म्हणून वकील आपला पाहावा, विकणाऱ्यानं आणलेला नाही, अन् दलालाचा तर नाहीच. फी आधी बोलावी, इसार मागून द्यावा.

माझ्या धुऱ्याला लागून दोन एकर निघालं होतं. पोराचा जीव त्याच्यावर. सातबारा साफ, बोजा नाही. वणीच्या वकिलानं तो बाजूला ठेवला.

"काका, तीस वर्षांचा सर्च तर करूच. पण जुने फेरफार काढा."

तहसीलातून नकला आणल्या. 1978 च्या फेरफारात विकणारा कोलाम, घेणारा बिगर-आदिवासी, अन् परवानगीचा उल्लेख कुठंच नाही. 6 जुलै 1974 नंतर अशी जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मधात किती हात बदलले तरी ते दुखणं जमिनीसंगच येते, असं वकील म्हणाला.

पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या कोलामाचा नातू आमच्याच वावरात कापूस वेचायला येते. नक्कल मी त्याले दिली, वकिलाचा पत्ताही सांगितला. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला अन् इचारलं, "फी किती घेते तो?"