डाव्या टाकीवर

इंजिन बंद पडलं तेव्हा विमानात भरपूर इंधन होतं. ते उजव्या पंखात होतं आणि मी डाव्या टाकीवर उडत होतो.

सुरुवातीचं शिक्षण सेस्ना १५२ वर झालं. त्याचे पंख वर. इंधन आपल्या वजनानंच खाली येतं आणि इंधनाची कळ एकतर चालू, नाहीतर बंद. मग मी पायपर वॉरियरवर आलो. त्याचे पंख खाली असल्यानं इंधन पंपानं ओढावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या तर रिकाम्या टाकीतून पंप हवाच ओढेल, म्हणून एका वेळी एकच टाकी, आणि दर अर्ध्या तासानं बदल. मला हे तोंडपाठ होतं, हाताला सवय नव्हती.

त्या दिवशी मी झाकण उघडून टाकीत पाहिलंच नाही. दोन्ही टाक्या आतल्या पट्टीपर्यंत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ६४ लिटर भरलेल्या आहेत, असं धरून चाललो. आधीचं उड्डाण डाव्या टाकीवर झालं होतं आणि नंतर कुणी इंधन भरलं नव्हतं. हवेत वाट चुकलो, नकाशात डोकं घातलं आणि टाकी बदलायची वेळ टळून गेली. डावा काटा उतरलेला दिसला, पण हे काटे नेहमीच चुकतात असं समजून सोडून दिलं.

इंजिन अडखळून थांबल्यावर मी थ्रॉटलच पुढेमागे करत बसलो. इंजिनाविना तरंगत राहण्याचा ७३ नॉट्सचा वेग धरायचंही सुचलं नाही. "टाकी बदल! पंप लाव!" शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर ओरडले. वॉरियरची ती कळ डाव्या भिंतीवर, माझ्या गुडघ्याशी. उजवीकडून त्यांचा हात तिथे सहज पोचत नाही. म्हणूनच सेस्नावरून येणाऱ्या प्रत्येकाकडून ती कळ जमिनीवरच, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा फिरवून घ्यायला हवी, असं मला पोटतिडकीनं वाटतं.

कळ फिरवली तरी इंजिन लगेच आलं नाही. रिकाम्या नळ्या भरायला १० सेकंदांपर्यंत लागू शकतात, हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी घाबरून कळ परत डावीकडे नेऊ लागलो. "तिथेच ठेव," ते म्हणाले. मग इंजिन आलं.

याहून मोठी चूक उतरल्यावरची. अहवालात मी लिहिलं, 'टाक्या तपासल्या होत्या.' त्यामुळे संशय विमानावर गेला. ते उभं ठेवलं, इतरांची उड्डाणं रद्द झाली आणि मेकॅनिक पंखाखाली आडवे होऊन नसलेली गळती शोधू लागले. ते पाहून मी मुख्य प्रशिक्षकांकडे गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी अहवाल नव्यानं लिहायला लावला. मेकॅनिकना आणि ज्यांची उड्डाणं बुडाली त्या मुलांना मीच जाऊन कारण सांगितलं.