विरोध कशाला, हसू कुणाला

२८ डिसेंबर २०२१ला विधानसभेत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली. भांडण मोठं होतं आणि खरं होतं. कुलगुरू निवडताना राज्यपालांचा अधिकार किती राहावा? उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करून विद्यापीठात आणून बसवावं का? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात, त्यामुळं आमच्याकडं या प्रश्नावर कडाकडा वाद झाले. मंत्री विद्यापीठाबाहेरच बरे, असं माझंही मत होतं.

त्याच विधेयकात समान संधी मंडळाच्या तरतुदीत समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचाही उल्लेख होता. विरोधी बाकांवरून भाजपच्या सुधीर मुनगंटीवारांनी त्यावर बोट ठेवलं. यांना सदस्य करणार का, या संज्ञांची व्याख्या कुठं आहे, असं विचारता विचारता बोलणं थेट जनावरांपर्यंत गेलं. मग एका बाजूनं हा समलिंगद्वेष आहे म्हणून टीका सुरू झाली, तर दुसऱ्या बाजूनं, विधेयकाला विरोध केला की लगेच द्वेष्टे ठरवता काय, असा सवाल आला.

व्याख्या मागण्यात मला द्वेष दिसत नाही. कायद्यात शब्द घालायचा तर त्याचा अर्थ विचारणं हे आमदाराचं कामच आहे. सरकारनं त्याचं नीट उत्तर द्यावं. जनावराच्या उदाहरणातून मात्र कसलाच अर्थ विचारला जात नव्हता. ज्यांच्याविषयी बोलायचं ती माणसं सभागृहात नाहीतच, असं गृहीत धरल्याशिवाय ते उदाहरण तोंडातून निघूच शकत नाही.

लातूरला खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडं पुस्तकं न्यायला यायचा. गाव कंधारकडचं, घर पक्कं भाजपचं, आणि तोही. राज्यपालांचे अधिकार कमी करायला त्याचा कडक विरोध होता, आणि कलमं तोंडपाठ असल्यामुळं माझ्याशी भांडताना तो मला पुरून उरायचा. त्या आठवड्यात तो आला, पुस्तकं टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "सर, प्र-कुलपतीवरून रूमवर मी एकटा तिघांना ऐकत नव्हतो. पण ते जनावराचं निघालं आन् सगळे हसले, तवा मला काय बोलावं कळंना. बोललो असतो तर, तुला का लागलं, म्हणले असते." त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी त्याला बसायला सांगितलं आणि आत चहा टाकायला सांगितला.

त्या विधेयकाला त्याचा विरोध आजही आहे. त्या विरोधाला समलिंगद्वेष म्हणणारा माणूस या मुलावरच अन्याय करील. आणि त्याच्या रूमवरच्या हसण्याला नुसता राजकीय मतभेद म्हणणाराही तेच करील. वाद चालू असताना त्यातला एक माणूस ज्या क्षणी गप्प होतो, आणि मुद्दा संपला म्हणून नाही तर स्वतःला लपवावं लागलं म्हणून गप्प होतो, तिथं मतभेद संपलेला असतो. मी रेघ तिथं ओढतो.

ही रेघ पक्ष बघत नाही. आमच्या भागात काम न करणाऱ्या साहेबाला बांगड्यांचा आहेर करतात. स्टीलच्या ताटात हिरव्या बांगड्या, खण, हळदी-कुंकवाच्या पुड्या, आणि पुढं मोबाइल धरलेले कार्यकर्ते. मागणी पीकविम्याची, म्हणजे अगदी रास्त, आणि घोषणा मात्र साहेबाच्या मर्दानगीवर. त्या ताटाभोवती मी सगळ्या रंगांचे झेंडे पाहिले आहेत, ज्या झेंड्यांसोबत मी चाललो तेसुद्धा. विरोधी नेत्याच्या लग्न न करण्यावरून डोळे मिचकावणारे पुरोगामी मित्रही मला माहीत आहेत. समतेचं भाषण करून उतरलेल्या माणसाच्या तोंडी ते आलं म्हणून त्याचा विखार कमी होत नाही.

र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी १९३४मध्ये खटला चालला, तेव्हा वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली होती. त्यात समलिंगी संबंधांविषयीचंही होतं. उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आमच्याकडं बाबासाहेबांच्या नावाशिवाय सभा सुरू होत नाही, पण या खटल्याचा उल्लेख मी व्यासपीठावरून फार क्वचित ऐकला. तो व्हायला हवा. लाज वाटणारे प्रश्न विचारणारा माणूसही उत्तराचा हक्कदार आहे, हे तिथं भर न्यायालयात मांडलं गेलं होतं.

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मला तो निकाल चुकीचा वाटतो, पण द्वेषाचा म्हणवत नाही. त्यातली कारणं लिहून ठेवलेली आहेत, ती खोडता येतात, आणि खुद्द पाचांपैकी दोन न्यायमूर्तींनी नागरी सहजीवनाच्या प्रश्नावर वेगळं मत दिलं. विवाहाचा निर्णय कायदेमंडळानं करावा, असं न्यायालयानं सांगितलं. विवाह समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसदेइतकाच तो आपल्या विधानसभेचाही विषय.

२०२१चं ते विधेयक पुढं सरकार बदलल्यावर मागे घ्यायचं ठरलं. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न मात्र आज ना उद्या त्याच सभागृहात परत येईल, आणि तिथं नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा आमदार बसलेले असतील. त्यांनी विरोधात मत द्यायचं असेल तर खुशाल द्यावं. फक्त उठून बोलताना आपल्या मतदारसंघातला एक तरी असा मतदार वर गॅलरीत बसलेला आहे, हे धरून बोलावं. तो कदाचित त्यांच्याच पक्षाचा असेल.